कुठल्या खात्यात होतात?

मागच्या अंकात म्हातारपणच्या खोकल्यावर लिहिताना मी एकच वाक्य टाकलं होतं, की गिरणीत बॉयलरवर किंवा मेन्टेनन्सला काम केलेल्यांनी डॉक्टरांना ॲस्बेस्टॉसचं, म्हणजे पाइपाच्या लेपात असायच्या त्या तंतूंच्या खनिजाचं, जरूर सांगावं. त्या एका वाक्यावर ठाणे, कळवा, ऐरोली, दिघा, पनवेल इथून इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. पत्रं थोडी कापलीयत, नावं काढलीयत.

मॅडम, माझे वडील ७४ वर्षांचे. १९७३ ला लालबागच्या एका गिरणीत लागले, बॉयलरवर फिटरचे हेल्पर होते, संपानंतर परत घेतलं आणि गिरणी बंद होईपर्यंत तिथेच होते. खोकला आणि दम आहे. दोनदा टीबीचा कोर्स झाला पण थुंकीत कधीच काही निघालं नाही. आता चेस्टवाल्या डॉक्टरांनी सीटी काढायला लावला, त्यात 'कॅल्सिफाइड प्लुरल प्लाक', दोन्ही बाजूला खाली फायब्रोसिस, आणि शेवटी ॲस्बेस्टॉसची हिस्टरी बघा असं लिहिलंय. कापसाच्या गिरणीत ॲस्बेस्टॉस कुठून आलं? आणि हा कॅन्सर आहे का? – कळवा

आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते म्हणजे घरच्यांना झोप लागेल. प्लाक म्हणजे कॅन्सर नाही, आणि प्लाकचाच पुढे कॅन्सर होतो असंही नाही. श्वासातून गेलेले ॲस्बेस्टॉसचे तंतू फुफ्फुसाच्या आवरणापर्यंत पोचले की वर्षानुवर्षांनी तिथे जाड चट्टे पडतात, त्यात कॅल्शियम साठतं आणि ते सीटीत पांढरे दिसतात. त्याने सहसा दम लागत नाही. हा माणूस कधीतरी त्या धुळीत होता याची ती हजेरी समजा, मस्टर हरवलं तरी ही हजेरी पुसली जात नाही. दम लागतोय तो रिपोर्टमधल्या दुसऱ्या गोष्टीमुळे, खालच्या भागातल्या फायब्रोसिसमुळे, म्हणजे फुफ्फुस आतून कडक झाल्यामुळे. तो ॲस्बेस्टॉसमुळे असेल तर त्याला ॲस्बेस्टोसिस म्हणतात, आणि प्लाक आणि फायब्रोसिस दोन्ही आहे आणि वर बॉयलरची नोकरी आहे म्हटल्यावर संशय तिकडेच जातो.

आता गिरणीत ते आलं कुठून. गिरणी म्हटलं की सगळ्यांना साचे आठवतात आणि केसात अडकलेला कापूस आठवतो, पण गिरणीला वाफ लागायची हे विसरतात. सायझिंगला सुताला खळ लावून ते गरम सिलिंडरवर सुकवायचं, ब्लीचिंगला वाफ, रंगखात्याला वाफ, आणि ती बॉयलरपासून तिथपर्यंत पाइपातून न्यायची म्हणजे पाइपाला वरून जाड लेप पाहिजे, नाहीतर कोळसा फुकट. त्या लेपात ॲस्बेस्टॉस असायचं. कोरडी पावडर पोत्यातून पिंपात ओतायची, पाणी घालून हाताने कालवायची, पाइपावर थापायची, वरून कापड गुंडाळायचं. लावताना उडायची ती थोडीच, खरी धूळ उडायची जुना लेप फोडताना, कारण पाइप गळायला लागला की आधी छिन्नी-हातोड्याने वाळलेला लेप पाडायचा, तोही बंद जागेत, आणि मग खाली पडलेलं सगळं कोरड्या झाडूने गोळा करायचं. शिवाय बॉयलरच्या दाराला ॲस्बेस्टॉसची दोरी, फ्लॅंजला ॲस्बेस्टॉसचं पॅकिंग, ते तिथेच कापून बसवायचं. हे काम करणारे फिटर-हेल्पर तर आलेच, पण शेजारी उभा असलेला आगवाला, ऑइलमन, झाडूवाला, हेही त्याच हवेत होते. वडिलांना विचाराल तेव्हा ॲस्बेस्टॉस म्हणू नका, बऱ्याच जणांना ते फक्त पत्र्याचं नाव म्हणून माहीत असतं. "पाइपाला पांढरं काय थापायचात?" असं विचारा, बघा किती आठवतं ते.

आणि हे आत्ता का, तर या आजाराची चालच तशी आहे. ॲस्बेस्टोसिसला दहा-वीस वर्षं किंवा जास्तही लागतात. मेसोथेलिओमा म्हणून आवरणाचा कॅन्सर असतो त्याला तीस-चाळीस वर्षं, कधी त्याहून जास्त. संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. त्या वेळी पंचविशी-तिशीत असलेला माणूस आज सत्तरीत आहे, म्हणजे हिशोब नेमका इथेच येतो, आणि तोपर्यंत माणूस परळहून कळव्याला आलेला असतो, त्याचा डॉक्टर बदललेला असतो, आणि नव्या डॉक्टरच्या केसपेपरवर धंदा म्हणून फक्त 'रिटायर्ड' लिहिलेलं असतं. मला या सगळ्या सदरात खरं तर एवढंच म्हणायचंय की कुठल्या खात्यात होता हे कोणी विचारत नाही आणि पेशंट आपणहून सांगत नाही, गिरणी एवढंच सांगतो.

टीबीचं म्हणाल तर आपल्याकडे टीबी एवढा आहे की एक्सरेवर काही दिसलं की पहिला विचार तोच येतो, त्यात डॉक्टरांचं फार चुकतं असं नाही. पण जुन्या टीबीचे डाग बहुतेक वेळा फुफ्फुसाच्या वरच्या भागात असतात आणि ॲस्बेस्टोसिस खाली, दोन्हीकडे असतो. पुढे कोणी नुसत्या एक्सरेवर तिसऱ्यांदा गोळ्या सुरू करायला निघालं तर आधी थुंकीची सीबीनॅट टेस्ट करू या म्हणा, सरकारी केंद्रात ती फुकट होते. मात्र चालू असलेला कोर्स कोणी हे वाचून बंद करू नका, दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात.

आता करायचं काय ते. फुंकर मारायची टेस्ट, पीएफटी, करा, आणि त्यात डीएलसीओ, म्हणजे फुफ्फुसातून रक्तात वायू किती नीट जातो ती तपासणी, पण मागा, कारण नुसत्या फुंकरीत सुरुवातीचा ॲस्बेस्टोसिस कधी कधी सुटतो. बसून ऑक्सिजन ९६ आला म्हणून खूश होऊ नका, सहा मिनिटं चालवून बघा किती उतरतो. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तशी. झालेलं फायब्रोसिस परत जात नाही, त्यामुळे आयुर्वेदिक फुफ्फुस-सफाईवाल्यांना पैसे देऊ नका. विडी-सिगारेट चालू असेल तर आजपासून बंद, कारण ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका दोन्हींची नुसती बेरीज होईल त्याहून बराच जास्त वाढतो. आणि एक लक्षात ठेवा, एकाच बाजूला सतत दुखणं, एकाच बाजूला पाणी भरणं, वजन उतरणं यातलं काही नव्याने सुरू झालं तर नुसतं पाणी काढून घरी पाठवताहेत यावर समाधान मानू नका, तुकडा काढून तपासा म्हणा. टाटाला परळला जायचं किंवा आपल्याला जवळ म्हणजे खारघरला.

गिरणी पाडून तिथे टॉवर झाला. आता भरपाई कोणाकडे मागायची? कोणी सांगतं सुप्रीम कोर्टाने एक लाख ठरवलेत, खरं आहे का? – ऐरोली

अर्धं खरं. २७ जानेवारी १९९५ चा तो निकाल आहे, अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर. त्यात कोर्टाने म्हटलं की कामगाराच्या आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि नोकरी संपली म्हणून तो संपत नाही. कारखान्याने प्रत्येक कामगाराचं आरोग्याचं रेकॉर्ड नोकरीला लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, जे नंतर येईल तोपर्यंत ठेवायचं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत ॲस्बेस्टोसिस ठरला तर कारखान्याने एक लाख द्यायचे. पण ती केस ॲस्बेस्टॉसच्या खाणी आणि कारखान्यांची होती. कापसाच्या गिरणीतल्या बॉयलरवाल्याला तो निकाल आधाराला घेता येईल, पण नुसता निकाल दाखवला आणि चेक मिळाला असं होणार नाही.

तुमचा खरा रस्ता ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचा. गिरण्यांत बहुतेकांचा विमा होता, पगारातून कापून जायचा. जुन्या ईएसआय कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात धंद्यामुळे होणाऱ्या आजारांची यादी आहे, त्यात ॲस्बेस्टोसिस आहे, ॲस्बेस्टॉसमुळे झालेला फुफ्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा आहे, कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस पण आहे. यादीतला आजार ठरला की तो कामावर झालेला अपघात धरतात, मग मेडिकल बोर्ड किती टक्के अपंगत्व ते ठरवतं आणि त्याप्रमाणे महिन्याचे पैसे. माणूस त्या आजाराने गेला तर बायकोला मिळतात. आता कामगार कायदे नव्या संहितांमध्ये गेलेत, त्यामुळे अर्ज कुठल्या कलमाखाली करायचा ते कामगार वकिलाला विचारूनच करा, मी डॉक्टर आहे, कलमांत मला पकडू नका.

एक मेख मात्र सांगून ठेवते. ईएसआय नसेल तर १९२३ चा भरपाईचा कायदा, आणि त्यात असं होतं की नोकरी सुटल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली तर तो अपघात धरायचा. दोन वर्षं! ज्या आजाराला वीस वर्षं लागतात त्याला. हे लिहिणाऱ्यांनी छातीचा डॉक्टर गाठला नसावा. उशीर का झाला याचं योग्य कारण दिलं तर तो माफ करायचा अधिकार कमिशनरला होता, म्हणून निदान लिहून मिळालं त्या तारखेचा कागद सोन्यासारखा जपा आणि त्यानंतर हात जोडून बसू नका.

मालकाचं म्हणाल तर गिरणी पाडली म्हणजे कंपनी मेली असं नाही. काही ठिकाणी कंपनी तीच असते, धंदा तेवढा कापडाचा सोडून जमिनीचा झालेला असतो. सरकारजमा झालेल्या गिरण्या एनटीसीकडे, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, गेल्या. आपली कुठली ते आधी बघा.

आणि कागद नाहीत म्हणून रडू नका. तुमच्यापैकी किती जणांनी म्हाडाच्या घरासाठी अर्ज भरलेत? तीच फाईल काढा! तिकीट नंबर, लाल पास, सर्व्हिस सर्टिफिकेट, पीएफ, ईएसआय नंबर, पगाराची पावती, यातलं काही ना काही त्यात आहे. घरासाठी जमवलेली फाईल छातीसाठी कोणी उघडत नाही. फक्त त्यात खातं लिहिलेलं आहे का बघा, नसेल तर त्याच खात्यातल्या दोन जिवंत साथीदारांकडून ॲफिडेव्हिट करून घ्या, जिवंत आहेत तोपर्यंत.

डॉक्टर मंडळी हे सदर वाचत असतील तर त्यांनाही एक: जुन्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम ८९ मध्ये ॲस्बेस्टोसिस किंवा बिसिनोसिसचा पेशंट दिसला तर कारखाना निरीक्षकाला कळवणं डॉक्टरवर बंधनकारक होतं, न कळवल्यास हजारापर्यंत दंड. नव्या संहितेतही या आजारांची यादी आहेच. तो दंड भरलेला एक डॉक्टर मला दाखवा.

माझे मिस्टर रंगखात्यात पाइपाच्या कामाला होते, जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचे कपडे मीच झटकून धुवायचे, पांढरी भुकटी निघायची. आता मलाच चढ चढताना धाप लागते. हे संसर्गाने होतं का? – कोपरी, ठाणे पूर्व

काकू, संसर्गाने नाही, माणसाकडून माणसाला हा आजार लागत नाही. पण कपड्यांवरून घरी आलेली धूळ ही खरी गोष्ट आहे, कामगारांच्या घरच्या माणसांना त्यातून मेसोथेलिओमा झाल्याचं लंडनच्या डॉक्टरांनी १९६५ मध्येच दाखवून दिलं होतं. घाबरवायला सांगत नाही, तुमच्या वयात धाप लागायला हार्ट आहे, हिमोग्लोबिन आहे, चुलीचा धूर आहे, आणि तेच जास्त वेळा निघतं. एक्सरे, इसीजी, हिमोग्लोबिन एवढं कळव्याच्या शिवाजी हॉस्पिटलला किंवा सिव्हिलला होऊन जाईल. फक्त डॉक्टरांना "मी गृहिणी" एवढंच सांगून गप्प बसू नका, ती भुकटी सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. सुनेला बरोबर न्या, ती लिहून घेईपर्यंत उठणार नाही.

मी कार्डिंगला होतो, मुंब्र्याला राहतो. सोमवारी पाळीवर गेलो की छाती आवळायची, मंगळवारनंतर बरं वाटायचं. आता बाराही महिने खोकला. मलाही ॲस्बेस्टॉस झालं असेल का? – मुंब्रा

भाऊ, तुमचं वेगळं आहे. सुट्टीनंतर पहिल्या पाळीला छाती आवळणं हे बिसिनोसिसचं अगदी ठरलेलं लक्षण, कापसाच्या धुळीचं, आणि ते सगळ्यात जास्त ब्लोरूम आणि कार्डिंगलाच, म्हणजे कापूस मोकळा करायच्या आणि पिंजायच्या खात्यांतच, असतं. हे सगळ्यांसाठीच लिहिते, कारण आलेल्या पत्रांत निम्मी अशी आहेत: साच्यावर, रिंगला, वाइंडिंगला काम केलेल्यांच्या अंगावर उडायचा तो कापूस, ॲस्बेस्टॉस नव्हे. कापसाची धूळ श्वासनळ्या आवळते, ॲस्बेस्टॉस फुफ्फुस आतून कडक करतं, त्यामुळे पीएफटीचा आलेख वेगळा येतो आणि औषधही वेगळं. तुम्हाला इन्हेलरचा उपयोग होण्याची शक्यता चांगली आहे, तो घ्यायला लाजू नका, त्याची सवय लागते हे खोटं आहे. विडी चालू आहे हे तुम्ही पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय ते मी वाचलं.

गिरणीत गूळ द्यायचे, त्याने छातीतली धूळ निघते म्हणे. अजून खातो. – वागळे इस्टेट

गूळ पोटात जातो, धूळ फुफ्फुसात. शुगर तपासलीयत ना?

मालकांना हे त्या काळी माहीत होतं का? आम्हाला तर कोणी रुमालसुद्धा दिला नाही. – ठाणे, युनियनचा जुना माणूस

तुमच्या गिरणीच्या मालकाच्या मनातलं मी सांगू शकत नाही, पण जगाला माहीत होतं. इंग्लंडमध्ये रॉचडेलला नेली केर्शॉ नावाची बाई ॲस्बेस्टॉसचं सूत कातायच्या कारखान्यात होती, ती १९२४ मध्ये ३३ व्या वर्षी गेली आणि तिच्या फुफ्फुसातलं ॲस्बेस्टॉस ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. १९३० ला सरकारी अहवाल, १९३१ ला तिथल्या कारखान्यांसाठी धुळीचे नियम. तेव्हा राज्य इथेही त्यांचंच होतं बरं का. रुमालाचं म्हणाल तर दिला नाही ते एका परीने बरंच, रुमालाने हे तंतू अडत नाहीत, उगाच सुरक्षित वाटलं असतं.

आजची स्थिती म्हणजे साठच्या वर देशांत ॲस्बेस्टॉसवर बंदी आहे, ब्रिटनने १९९९ ला घातली. आपल्याकडे १९८६ पासून खाणींना नवे परवाने देणं थांबवलं, पण बाहेरून पांढरं ॲस्बेस्टॉस आणून पत्रे बनवणं चालू राहिलं. पांढरं निरुपद्रवी असतं असं सांगणारे भेटतील. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था सगळ्या प्रकारांना कॅन्सर करणारं म्हणूनच धरते.

आमच्या चाळीला जुने सिमेंटचे पत्रे आहेत, शेवाळ आलंय, गळतात. पावसाआधी घासून रंग मारायचा विचार आहे. चालेल का? – दिघा, नवी मुंबई

घासू नका, तारेचा ब्रश तर अजिबात नको, आणि प्रेशरच्या पाण्याचा फवारा पण नको. पत्रा अखंड आहे तोवर तंतू सिमेंटमध्ये अडकलेले असतात आणि खाली राहणाऱ्याला धोका फार कमी. तो घासला, ड्रिल मारला, ग्राइंडरने कापला की मग धूळ. गळतीला वरून ताडपत्री किंवा दुसरा पत्रा टाका. बदलायचाच असेल तर आधी पाण्याने चांगला भिजवा, बोल्ट सोडवून अख्खा उतरवा, फोडून खाली टाकू नका, पोरांना त्या दिवशी मामाकडे पाठवा, काम करणाऱ्याला फार्मसीतला निळा मास्क नको, एन-९५ही पुरत नाही, त्याहून वरचा, एफएफपी-३ किंवा पी-१०० द्या. उतरवलेले तुकडे जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवा आणि पालिकेला लेखी विचारा. धोकादायक कचऱ्याची अधिकृत जागा तळोज्याला आहे, तेव्हा आमच्याकडे सोय नाही असं उत्तर आलं तर तळोज्याचं नाव घ्या. कॉन्ट्रॅक्टर म्हणेल नाल्याच्या कडेला टाकतो, त्याला नको म्हणा, तिथे पोरं क्रिकेट खेळतात.

कोनला गिरणी कामगारांच्या म्हाडाच्या इमारतींत आम्ही आरोग्य शिबिर घेतोय. काय काय ठेवू? – कोन, पनवेल

बीपी-शुगर-चष्मा सगळेच ठेवतात, तेही असू दे. पण टेबलाच्या सुरुवातीला एक माणूस बसवा जो फक्त लिहून घेईल: गिरणीचं नाव, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, कुठलं खातं, पाइप-बॉयलरच्या कामाशी संबंध होता का, बदली कामगार म्हणून आणखी कुठे पाठवायचे का, घरी कपडे कोण धुवायचं. हा माणूस डॉक्टर नसला तरी चालेल, जुना जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, असेल तर उत्तम, तो लगेच पकडतो कोण कुठे होता ते. बॉयलर, मेन्टेनन्स, रंगखातं, सायझिंगवाले एका बाजूला काढा, त्यांचा एक्सरे आणि पीएफटी करा, कार्डिंग-ब्लोरूमवाल्यांची पीएफटी. पीएफटी करणारा टेक्निशियन अनुभवी बघा, म्हाताऱ्या माणसांना फुंकर नीट मारायला लावणं कठीण असतं, आणि वाईट मारलेल्या फुंकरीचा रिपोर्ट बोर्डासमोर उलटा पडतो. ज्यांना पाच वर्षांच्या वर ईएसआय होती आणि जे रिटायर झाले किंवा व्हीआरएस घेतली त्यांना वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांना ईएसआयचे उपचार मिळण्याची सोय होती, ती त्यांना लागू होते का हे विचारायला ईएसआयवाल्यांनाच शिबिराला बोलवा, तुमच्यासाठी वाशीचं हॉस्पिटल जवळ. आणि लिहिलेल्या कागदाच्या दोन कॉपी काढा, एक तुमच्याकडे ठेवा आणि एक पेशंटच्या फाईलला तिथल्या तिथे स्टेपल करून द्या, घरी जाऊन लावतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका.